दादा, तिथं मला ओळखू नकोस

दुसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत बहिणीचा फोन आला. चुलतबहीण, पण एकाच घरात वाढलेली, एकाच ताटात जेवलेली. विद्यापीठात इंग्रजी घेऊन एम.ए. करत होती, दुसऱ्या वर्षाला. आणि त्याच इंग्रजी विभागानं मला बोलावलं होतं. दलित कवितेच्या अनुवादावर एक दिवसाचा कार्यक्रम. माझ्या चार कवितांचा तिथल्या एका मॅडमनी इंग्रजीत अनुवाद केलेला. कवी जिवंत आहे, जवळच सूतगिरणीत कामाला आहे, हे कळल्यावर त्यांना आनंद झाला. मलाही झाला, खोटं कशाला बोलू. बहिणीला सांगावं म्हणून मी दोन दिवस फोन करत होतो, ती उचलत नव्हती. आता तिचाच आला. म्हणाली, "दादा, ये तू. पण तिथं मला ओळखू नकोस."

रिंगफ्रेम खात्यातनं बाहेर आल्यावर कान थोडा वेळ भरलेलेच असतात. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, काय? तिनं परत सांगितलं. तेच.

मित्रांनो, हा लेख त्या एका वाक्यापायी लिहितोय. आपल्या सभेत हा प्रश्न टाकला असता तर निकाल पाच मिनिटांत लागला असता. ती जातचोर, ती पांढरपेशी झाली, ती गद्दार. टाळ्या. चहा. माझा गिरणीतला जोडीदार हेच म्हणाला, आणि चहा संपायच्या आत म्हणाला. पहिल्या रात्री मीपण हेच म्हणत होतो. साच्यावर तुटलेले धागे सांधत होतो आणि मनात तिला शिव्या देत होतो. बाबासाहेबांनी काय यासाठी शिकवलं काय? सकाळी पाळी सुटल्यावर सायकल ढकलत घरी आलो तेव्हा राग तेवढाच होता, पण त्याला एक भोक पडलं होतं. त्या भोकातनं मी आत बघायला लागलो.

'जात चोरणं' हा शब्दच बघा. बाबुराव बागुलांच्या पहिल्या कथासंग्रहाच्या नावात तो आहे, १९६३ सालच्या. रेल्वेत नोकरीला लागलेला एक तरुण. जात सांगितली तर खोली मिळत नाही, म्हणून तो सांगत नाही. उघडं पडतं. मार खातो. कथा सगळ्यांना माहीत आहे. मी ती चारदा वाचलीय आणि चारही वेळा मला त्या तरुणाचा राग आला नाही, मारणाऱ्यांचा आला. मग बहिणीचा का आला? कथेतल्या माणसाला आपण माफ करतो, घरातल्या माणसाला करत नाही. आणि चोरी म्हणायचं तर चोरीचा माल कुठला? जात तिचीच. स्वतःच्या खिशातली वस्तू खिशातच ठेवली तर ती चोरी कशी? चोर म्हणणारा माणूस गृहीत धरून चाललाय की तुझी जात ही त्याची मालमत्ता आहे, त्याला ती दाखवलीच पाहिजे, दाखवली नाहीस तर तू त्याचं काहीतरी लंपास केलंस. हा शब्द आपण त्यांच्याकडनं घेतला आणि आपल्याच पोरांना मारायला वापरतो.

पण एवढ्यावर प्रश्न संपत नाही. संपला असता तर मी कविता लिहिली असती, लेख नाही.

आधी तो विभाग कसा आहे ते सांगतो. काही तिनं मागे सांगितलेलं, काही मी त्या दिवशी पाहिलेलं. दुसऱ्या मजल्यावर लांब व्हरांडा. भिंतीवर शेक्सपियर, मिल्टन, वर्डस्वर्थ, फ्रेमा सगळ्या सारख्या मापाच्या, धूळही सारखीच. टोकाला एक ग्रंथालय, कपाटांना कुलूप, किल्ली शिपाईमामांकडे. शिपाईमामा आपल्यातले. एका वर्गात पन्नासेक पोरं. पुढच्या दोन बाकांवर इंग्रजी माध्यमातली, शहरातली. मागं तालुक्याच्या कॉलेजातनं आलेली, ज्यांनी बी.ए.ला शेक्सपियर गाईडमधनं मराठीत समजून घेतला आणि पेपरात इंग्रजीत पाठ लिहिला. व्हरांड्यात इंग्रजी, जिन्यावर अर्धी अर्धी, खाली चहाच्या टपरीवर मराठी. जिना उतरताना भाषा बदलते, हे मी स्वतःच्या कानानं ऐकलं. शिकवणारे तीन-चारच कायमचे, बाकीचे तासिका तत्त्वावर, तासावर पैसे घेणारे, म्हणजे आमच्या बदली कामगारासारखे. त्यांच्या चपला जास्त झिजलेल्या. नेट-सेटचा अभ्यास करणारी पोरं दिवसभर ग्रंथालयात, पीएच.डी.वाली गाईडच्या केबिनबाहेर उभी. केबिनबाहेर किती वेळ उभं राहावं लागतं त्यावरनं कोण कुणाचं, हे कळतं म्हणे.

तरी हे खरं की तिथं माणसं एकमेकांना धरून राहतात. यावर मी मुद्दाम जोर देतो, कारण आपल्या लिखाणात समोरचा माणूस नेहमी राक्षस असतो आणि त्यानं आपलं काम सोपं होतं. तिला पहिल्या वर्षी होस्टेलवर टायफॉइड झाला. तीन रात्री तिच्या उशाला बसणारी पोरगी पुढच्या बाकावरची होती. डबे एकत्र उघडतात. एकीनं एलियट समजून घ्यायचा, दुसरीनं भाषाशास्त्र, आणि परीक्षेच्या आधी एकमेकींना शिकवायचं, असा त्यांचा गट. अनुवाद करणाऱ्या मॅडमनी स्वतःची पुस्तकं तिला घरी न्यायला दिली, परत मागितली नाहीत. वाढदिवसाला केक कापतात. तिच्या आयुष्यात आधी कधी केक कापला गेला नव्हता. ही माया खोटी नाही.

आणि जी पोरगी तीन रात्री उशाला बसली, तीच एक दिवस नोटीस बोर्डावरची शिष्यवृत्तीची यादी बघून हसत म्हणाली, ह्यांचं बरंय बाई, फी नाही, अभ्यास नाही, पुढं नोकरीपण राखलेली. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. हात तसाच मायेचा.

तो हात झटकायचा की नाही? हा खरा प्रश्न आहे. शिवी देणाऱ्याचा हात झटकायला धाडस लागतं, पण ते आपल्याला ठाऊक असलेलं धाडस आहे, त्याची आपण गाणी म्हणतो. आजारपणात पाणी पाजलेला हात झटकायला काय लागतं, मला माहीत नाही.

इथं थोडं खात्याबद्दल बोलतो. डिपार्टमेंटला आम्ही खातं म्हणतो. माझा पणजा मुंबईला गिरणीत होता, रिंग खात्यात, कापसाच्या फुफाट्यात, असं घरात सांगतात. साचे खात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी जास्त होती. पण तिथं आपल्या माणसाला घेत नव्हते. कारण काय? तर धोट्यातली कांडी संपली की नवी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसरा तोंडाला लावणार. अस्पृश्याचं उष्टं सूत सवर्ण कामगाराच्या ओठाला लागणार. बस्स. एवढ्यासाठी हजारो माणसांना चांगल्या पगाराचं खातं बंद. मालकानंच नव्हे, सोबतच्या कामगारानं बंद केलं, ज्याच्याबरोबर आपण संपात उपाशी राहत होतो. १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला, तेव्हा कामगार एकजुटीची भाषा करणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला.

त्याच्या दहा वर्षं आधी, १९१८ साली, बाबासाहेब मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. कोलंबियात शिकून आलेला माणूस. तिथल्या काही प्राध्यापकांची हरकत कशाला होती? त्यांनी सगळ्यांच्या भांड्यातलं पाणी पिण्याला. अर्थशास्त्र शिकवा, पण आमच्या भांड्याला हात लावू नका.

म्हणजे बघा, गिरणीत तोंड, कॉलेजात तोंड. आणि इंग्रजीचा विभाग तर सगळा तोंडाचाच धंदा. तिथं धागा नाही, पाणी नाही, पण उच्चार आहे. बहिणीनं पहिल्या महिन्यात एका शब्दाचा उच्चार चुकीचा केला, वर्ग हसला, सगळ्यांवर हसतात तसाच. गावाकडचा कुणबी-मराठ्याचा पोरगाही चुकतो, त्यालाही हसतात, तोपण लाजतो. पण तो एकदा उच्चार सुधारला की सुटतो. आमची पोरगी उच्चार सुधारूनही सुटत नाही, कारण उच्चाराच्या मागं अजून एक यादी असते. ती नोटीस बोर्डावर लागते, नावापुढं प्रवर्ग लिहून.

आता ज्या गोष्टीनं मला खरं दुखलं, ती सांगतो. आमचं आडनाव गावावरनं पडलेलं. त्यावरनं काही कळत नाही. अर्ज भरताना तिनं प्रवर्गाच्या रकान्यात 'खुला' लिहिलं. गुण होते, जागा मिळाली. फी पूर्ण भरावी लागली. घरी तिनं सांगितलं, दादा, ह्या कोर्सला सवलत नाही. मी मानलं. मला काय कळतं एम.ए.चं, मी दहावीनंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, जे वाचलं ते रात्रपाळीत आणि रद्दीत. मी तीन महिने डबल पाळ्या केल्या. काकूनं बचत गटातनं पैसे उचलले. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात तिचे कागद शोधताना पावती सापडली आणि सगळं कळलं.

जात लपवायला पैसे पडतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. ते पैसे आमच्या घामाचे होते. म्हणजे विभागाला ती खोटं बोलली नाही म्हणावं तर रकान्यात 'खुला' लिहिणं हा कुणाचाही हक्क आहे. कायद्यानं त्यात काही गैर नाही. खोटं ती आम्हाला बोलली. जे तिला मारणार नव्हते त्यांना.

कार्यक्रमाला गेलो. एसटीनं. इस्त्रीचा शर्ट. व्हरांड्यात रांगोळी, दारात स्वागताला पोरी उभ्या, त्यात ती. तिनं हात जोडले. मी जोडले. तिनं माझ्या शर्टाला फुलाची पिन लावली. बोटं थरथरत होती, टोचली मला पिन. मी काही बोललो नाही.

स्टेजवर आमची ओळख करून दिली. गिरणी कामगार कवी. शाल, रोपाची कुंडी. अध्यक्षांनी बाल्झाकपासून ब्लॅक लिटरेचरपर्यंत सगळं घेतलं. खरं तर त्यात एक बरं बोलले. निग्रो साहित्याची ओळख आपल्या लेखकांना करून देण्यात इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्याच माणसांचा हात होता, मिलिंद कॉलेजातले म. ना. वानखेडे अमेरिकेतनं शिकून आले, त्यांनी ते इथं आणलं, हे त्यांनी सांगितलं. जनार्दन वाघमारे इंग्रजीचेच प्राध्यापक, त्यांचं अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावरचं पुस्तक १९७८चं. म्हणजे ह्या खात्याचं आपल्यावर ऋण आहे. सावित्रीबाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका असं सांगितलं, ते काही साहेबाच्या प्रेमानं नाही. मेकॉलेनं १८३५ साली इंग्रजी आणली ती साहेबाला कारकून हवे म्हणून. आपण त्यात शिरलो ते संस्कृतचं दार बंद होतं म्हणून. केनियात नैरोबीच्या विद्यापीठात १९६८ साली न्गुगी आणि त्याच्या दोन साथीदारांनी इंग्रजी विभागच बंद करा असं पत्रक काढलं. मला ते वाचून हसू आलं आणि थोडी असूयापण वाटली. आपण आत्ताशी कुठं बाकावर बसतोय, आपल्याला बंद करा म्हणणं परवडत नाही.

मग कविता. माझ्या चार कवितांचे कागद सगळ्यांच्या हातात होते, इंग्रजीतले. त्यातली तिसरी कविता बहिणीवर. ती इंग्रजी वाचते तेव्हा घरातला दिवा कसा सरळ उभा राहतो, तिच्या वहीवर काकूच्या हाताची हळद कशी लागते, असलं काही. तीन वर्षांपूर्वी लिहिलेली, माझी सगळ्यात गाजलेली. तिला विचारून लिहिली नव्हती. छापल्यावर दाखवली होती, तेव्हा ती "छान आहे" म्हणाली होती. त्या वर्गात तो कागद हातात धरून ती चौथ्या बाकावर बसलेली मी पाहिली, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. फोनवर ती का घाबरली होती ते मला तोवर कळलंच नव्हतं. मला वाटत होतं ती माझी लाज बाळगते. ती कवितेला घाबरत होती.

मॅडमनी विचारलं, ह्या कवितेवर कोण बोलेल? कुणी उठेना. मॅडमनी तिच्याकडे बोट केलं. हुशार विद्यार्थिनी म्हणून. ती उठली. इंग्रजीत बोलली. मला सगळं कळलं नाही, निम्मं कळलं, उरलेलं नंतर तिच्याकडनं समजून घेतलं. ती म्हणाली, कवी बहिणीवर माया करतो, पण कवितेत बहीण एक शब्दही बोलत नाही. ती दिवा आहे, ती वही आहे, ती आमच्या उद्याची आशा आहे, सगळं आहे, फक्त तिला काय हवंय हे कुणी विचारलेलं नाही. हा भाऊ तिचं ओझं वाहतोय असं त्याला वाटतं, पण त्याचं ओझं तिच्या डोक्यावर आहे.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मॅडम खूश. उत्कृष्ट वाचन, म्हणाल्या. मीपण टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वाजवताना मला काय झालं ते मी लिहिणार नाही.

चहाच्या वेळी ट्रे घेऊन ती आली. "सर, चहा." मी म्हटलं, "थँक यू मॅडम."

घरी येऊन मी काकूला सगळं सांगितलं. पावतीचंही. वाटलं ती रडेल, पोरीला बोल लावेल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बसू दे की पोरीला त्या बाकावर दोन वरसं सुखानं. तुझं काय जातंय?" मी म्हटलं, काकू, खोटं बोलली ती. काकू म्हणाली, "तू बोललास तर तुला शाल मिळती. ती बोलली तर तिला काय मिळंल?"

काकू सहीपुरती शिकलेली आहे. पण कार्यक्रमात दिवसभर जे कुणी बोललं नाही ते तिनं बोलून टाकलं. त्या विभागाला पाहुणा दलित चालतो. सकाळच्या एसटीनं यावा, जखम दाखवावी, संध्याकाळच्या एसटीनं जावा. त्याच्यासाठी रांगोळी असते. बाकावर बसलेला, रोज येणारा, अंतर्गत गुण मागणारा, उद्या त्याच खात्यात नोकरीला अर्ज करणारा दलित, त्याच्यासाठी यादी असते. माझी जात माझ्या कवितेचं भांडवल आहे. मी ती मिरवतो, कारण मला ती एक दिवस मिरवायची असते. कुमुद पावड्यांनी 'अंतःस्फोट'मध्ये, १९८१ साली, लिहून ठेवलंय. संस्कृतात एम.ए. झाल्या, चांगल्या गुणांनी, पण सोमकुंवर होत्या तोवर नोकरी मिळेना. लग्न होऊन पावडे झाल्यावर मिळाली. संस्कृत तेच, बाई तीच. त्यांनी आडनाव चोरलं नव्हतं, लग्नानं आलं होतं. पण विभागाला काय हवं होतं ते कळलं.

आणि मी? मी कवितेखाली आडनाव लावत नाही, आईचं नाव लावतो. मोठा विद्रोह म्हणून. बहीण मला फोनवर म्हणाली, "तूपण आडनाव टाकलंसच की, दादा. तुझं टाकणं कविता आणि माझं टाकणं चोरी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून पूर्ण नाही.

विहारात दर रविवारी आम्ही पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून म्हणतोय, अर्थ कधी विचारात घेतला नव्हता. आता घेतला. 'तुझं पूर्ण नाव काय?' असा प्रश्न इकडं विचारतात तेव्हा विचारणाऱ्याला नाव नको असतं. नाव त्याला आधीच सांगितलेलं असतं. त्याला वजन करायचं असतं. काट्यात खोट आहे हे माहीत असताना त्यावर आपला माल न ठेवणं हे खोटं बोलणं आहे का? मला वाटतं, नाही. ज्याला सत्याचा उपयोग फक्त तुला खाली ढकलायला करायचाय, त्याचा तुझ्या सत्यावर हक्क नाही. ते शील त्याच्यासाठी नाही. माझ्या जोडीदाराला हे पटलं नाही. तो म्हणाला, असं म्हणत राहिलो तर कुणालाच कधी सांगणार नाही, आणि सगळे असेच लपून बसले तर पुढच्यानं कुणाकडं बघायचं? त्याच्या बोलण्यात दम होता. त्याच्या दमानंच मी पुढं गेलो.

बहीण सुट्टीत आली तेव्हा तिनं मला एका कादंबरीची गोष्ट सांगितली. नेला लार्सन नावाच्या काळ्या बाईची, १९२९ची. नाव 'पासिंग'. मला वाटलं, आरटीओचं पासिंग. तसंच थोडं, ती म्हणाली, काळी पण उजळ कातडीची बाई गोरी म्हणून पास होते. गोऱ्या माणसाशी लग्न करते. त्या नवऱ्याला काळ्यांचा तिरस्कार, आणि बायको कोण हे त्याला माहीत नाही. एक दिवस तिची बालमैत्रीण घरी येते, तीही काळी, तीही उजळ. नवरा काळ्यांवर विनोद करतो. दोघी हसतात. मैत्रीण पुढं कितीदा चिडते, तरी तिचं गुपित फोडत नाही. शेवटी नवऱ्याला कळतं, आणि ती बाई खिडकीतनं खाली पडते. पडली की ढकलली, पुस्तक सांगत नाही.

मी विचारलं, "त्या दोघी का हसल्या?"

ती गप्प बसली. बराच वेळ. मग म्हणाली, "दादा, वर्गात अजून एक पोरगी आहे आपल्यातली. तिच्या आडनावावरनंच कळतं. ती लपवू शकत नाही. शेवटच्या बाकावर एकटी बसते. तिच्या उच्चारावर सगळे हसले की मीपण हसते. पहिल्यांदा हसले तेव्हा पोटात दुखलं. आता दुखत नाही."

इथं माझा प्रश्न मला सापडला. बहीण विभागाचं काही देणं लागत नाही, असं मला वाटतं. माझंपण नाही, फीचे पैसे मी सोडून दिले, आणि कवितेचा हिशोब काढला तर मीच तिचं लागतो. पण त्या शेवटच्या बाकावरच्या पोरीचं ती देणं लागते. जी लपवू शकते तिची न लपवू शकणारीशी बांधिलकी आहे. आणि ती चुकवायला जात जाहीर करावीच लागते असंही नाही. तिच्या शेजारी जाऊन बसायला दाखला लागत नाही. हसू नये एवढ्याला काही लागत नाही. गट करून एलियट शिकता, तर त्या गटात तिला घ्यायला काय अडचण होती? अडचण ही की दोन जणी एकत्र बसल्या की लोक बेरीज करतात. त्या भीतीनं बहीण सगळ्या वर्गाजवळ गेली आणि एकीपासनं लांब राहिली. नेमकी जिच्याजवळ जायला हवं होतं तिच्यापासनं.

बाबासाहेब १९५४च्या रेडिओवरच्या भाषणात म्हणाले होते की त्यांचं स्वातंत्र्य, समता, बंधुता हे फ्रेंच राज्यक्रांतीतनं घेतलेलं नाही, बुद्धाकडनं घेतलंय. मला आधी वाटायचं, हा काय फरक, शब्द तेच. आता वाटतं, फरक आहे. केक कापणारी बंधुता वर्तुळातल्यांची असते. मैत्रीला वर्तुळ नसतं म्हणतात. त्या विभागात बंधुता भरपूर आहे. मी पाहिली. उशाला बसणारी पाहिली. पण ती बंधुता एका गोष्टीवर उभी आहे, कुणीतरी कायम शेवटच्या बाकावर असलं पाहिजे. आणि हे एकट्या त्या खात्याचं आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या गिरणीत झाडखात्याच्या बायका वेगळ्या बसून जेवतात. त्यातल्या बऱ्याच आपल्यातल्याही नाहीत, आपल्याहून खाली म्हणतात त्या जातीच्या. मी गिरणीत लागून सहा वर्षं झाली. त्यांच्यात कधी डबा उघडला नाही. हा लेख लिहिताना हे ध्यानात आलं. आता उघडला तर लेखासाठी उघडल्यासारखं होईल, म्हणून लाज वाटते. पण उघडायला हवा.

तर बहिणीला मी काय सांगितलं? जोडीदार विचारतोय रोज. मी तिला सांगितलं की तू नोटीस बोर्डासमोर उभी राहून जात ओरडायची गरज नाही. तो निर्णय तुझा. उशाला बसलेल्या मैत्रिणीला सांगायचं का, कधी सांगायचं, तोही तुझा. सांगितल्यावर ती मैत्रीण राहिली तर चांगलं, गेली तर तीन रात्रींचं पाणी खोटं होत नाही, ते प्यायलेलं आहे. पण उद्यापासनं शेवटच्या बाकावर बस.

ती म्हणाली, "तू बसशील तिथं माझ्याबरोबर? नाही ना. तू लिहिशील." बरोबर होतं ते.

ती परत गेली. पंधरा दिवसांनी फोन आला. शेवटच्या बाकावर बसायला लागली होती. पहिल्या दिवशी त्या पोरीनं बॅग मधे ठेवली. दुसऱ्या दिवशीपण. तिला वाटलं असणार, ही काय नवीन थट्टा. आठव्या दिवशी बॅग खाली ठेवली. दोघींची अजून फारशी बोलणी नाहीत. भाषाशास्त्राच्या नोट्स दिल्या घेतल्या एवढंच. उशाला बसलेल्या मैत्रिणीला अजून सांगितलेलं नाही. तिनं विचारलं म्हणे, मागं का बसतेस? ही म्हणाली, पंख्याखाली बरं वाटतं.

हा लेख छापायला द्यायच्या आधी मी तिला वाचून दाखवला. कवितेच्या वेळी केलं नव्हतं ते ह्या वेळी केलं. तिनं सांगितलं, माझं नाव नको, विद्यापीठाचं नको, मॅडमचं नको. मग तिनं दोन ओळी खोडल्या. त्या इथं नाहीत. तिसरी एक खोडली होती, टायफॉइडची. त्यावरनं आमचं भांडण झालं, अर्धा तास. ती म्हणाली, मैत्रीण वाचेल कधीतरी. मी म्हटलं, हे अंक तिच्यापर्यंत जात नाहीत. ती म्हणाली, "जाऊ देत मग. ठेव."